डॉक्टर येईपर्यंत

अपघात सांगून येत नाहीं असें म्हणतात, आणि तें खरेंही आहे. परंतु तो कोठें येईल हें मात्र पुष्कळदां आधींच ठरलेलें असतें. न्हाणीघराची ओली फरशी, जिन्याची शेवटली पायरी, स्वयंपाकघरांतील शेगडी, कारखान्यांतील प्रेस मशीन, कचेरींतील जुनाट झालेली विजेची तार, या त्याच्या ठराविक जागा होत. जागा ओळखीची, माणसें ओळखीचीं. अनोळखी असतो तो फक्त त्या घटकेला करावयाचा उपाय. ज्या घरांत दिवाळीच्या करंज्या कशा तळाव्या याविषयीं तीन पिढ्यांचें ज्ञान सांठलेलें असतें, त्याच घरांत कढईंतलें तूप कोणाच्या हातावर सांडलें तर पहिल्या मिनिटांत काय करावें याविषयीं तीन माणसांचीं तीन मतें निघतात. एक शाई आणावयास धांवतो, दुसरी दांतांची पेस्ट शोधते, तिसरा बटाटा किसावयास बसतो. आणि जिचा हात भाजला ती बिचारी तिघांकडे आळीपाळीनें पाहत राहते.

प्रथमोपचार म्हणजे वैद्यक नव्हे. डॉक्टर येईपर्यंत, किंवा रोगी डॉक्टरापर्यंत पोंचेपर्यंत, जीव टिकविणें, इजा वाढूं न देणें आणि नसती ढवळाढवळ होऊं न देणें, एवढेंच त्याचें क्षेत्र. हें मर्यादित ज्ञान पद्धतशीर शिकवून सामान्य माणसाच्या हातीं द्यावें, ही चळवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतली. इंग्लंडांत १८७७ सालीं सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली, आणि पुढील वर्षीं वुलिच येथें पीटर शेपर्ड या लष्करी शल्यवैद्यानें नागरिकांसाठीं वर्ग चालविला. रेल्वेचे कामगार व खाणींतले मजूर हे त्या चळवळीच्या आरंभींच्या शिष्यांपैकीं होत. जेथें डॉक्टर दूर व धोका जवळ, तेथेंच या विद्येची गरज अधिक. शेपर्ड स्वतः जानेवारी १८७९ मध्यें झुलू युद्धांत इसांडल्वानाच्या रणभूमीवर पडला. जर्मनींत कील येथील शल्यवैद्य फ्रीडरिख फॉन एस्मार्ख यानें १८८२ सालीं असेच वर्ग सुरू केले. त्रिकोणी पट्टीचा प्रसार त्याच्याच नांवाशीं निगडित आहे. चौकोनी कापडाची कर्णावर घडी घातली कीं ही पट्टी तयार होते. मोडलेला हात गळ्यांत अडकवावयाचा झाल्यास उपरणें किंवा ओढणीही तितकीच चालते.

त्यानंतरच्या काळांत या विद्येंतील पाठ पुष्कळ बदलले. बुडालेल्या माणसाला पालथें निजवून त्याच्या पाठीवर दाब देण्याची शेफरची रीत १९०३ सालची. पाठ दाबून मग दंड वर उचलण्याची होल्गर नील्सनची रीत १९३२ सालची. पूर्वीं बालवीर पथकांतून ती मोठ्या निष्ठेनें घोटून घेतली जात असे. पुढें १९५० नंतरच्या दशकांत जेम्स एलम व पीटर सफार यांनीं प्रयोगांनीं दाखवून दिलें कीं, रोग्याच्या तोंडाला तोंड लावून फुंकलेली हवा त्या दोन्ही रीतींहून कितीतरी अधिक उपयोगी पडते. आणि १९६० सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेंतून एक त्याहूनही साधा शोध बाहेर आला. त्याचे कर्ते तीन: कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर. पैकीं कौवेनहोवेन हे विजेचे इंजिनियर, वैद्य नव्हेत, ही गंमत लक्षांत ठेवण्याजोगी आहे. बंद पडलेलें हृदय विजेच्या धक्क्यानें चालू करण्याचे प्रयोग कुत्र्यांवर चालू असतां, विजेच्या जड पट्ट्या छातीवर नुसत्या दाबल्यानेंही रक्तदाब किंचित् वर चढतो असें निकरबॉकरच्या नजरेस आलें. छाती न फाडतां, बाहेरून दाबून, रक्ताभिसरण कांहीं काळ चालू ठेवतां येतें हें त्यांतून सिद्ध झालें.

या शोधाचा अर्थ काय, तें एका साध्या प्रसंगावरून ध्यानांत येईल. एखाद्या कचेरींत दुपारीं तीन वाजतां पन्नाशीचा हेडक्लार्क खुर्चीवरून खालीं कोसळतो. क्षणार्धांत भोंवतीं वीस माणसें जमतात. एक जण तोंडावर पाणी मारतो, दुसरा कांदा हुंगवा म्हणतो, तिसरा बेशुद्ध माणसाच्या तोंडांत चमच्यानें पाणी घालूं पाहतो, जें थेट श्वासनलिकेंत उतरण्याचा धोका असतो. चौथा म्हणतो, ‘वारा येऊं द्या,’ आणि स्वतः तेथून हलत नाहीं. हृदय थांबलें असेल तर मेंदूला रक्त मिळत नाहीं, आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानि होऊं लागते. कोणी छाती न दाबल्यास दर मिनिटास वांचण्याची शक्यता सातापासून दहा टक्क्यांपर्यंत घटत जाते. शहरांतील वाहनांची गर्दी पाहतां रुग्णवाहिका पांच मिनिटांत येईल अशी आशा शहाण्यानें धरूं नये. म्हणजे त्या हेडक्लार्कचें आयुष्य त्या घटकेला कोणा विख्यात हृदयतज्ज्ञाच्या हातीं नसून त्या वीस बघ्यांच्या हातीं असतें.

करावयाचें तें असें. खांदे हालवून मोठ्यानें हांक मारावी. उत्तर नाहीं आणि श्वासही नेहमीसारखा नाहीं, असें दिसतांच एकाला नांव घेऊन सांगावें कीं, १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनि कर. ‘कोणी तरी फोन करा’ असें म्हटल्यास प्रत्येकास वाटतें, दुसऱ्यानें केला असेल. रोग्याला कठीण जमिनीवर उताणें निजवावें, छातीच्या मध्यभागीं एका तळहाताची टांच ठेवावी, तिजवर दुसरा हात, कोपरें ताठ. आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीनें, प्रौढाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खालीं जाईल इतकें जोरानें दाबावें. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊं द्यावी. ज्यानें शिक्षण घेतलें आहे त्यानें तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावे. ज्यानें घेतलेलें नाहीं त्यानें नुसतें दाबत राहिलें तरी पुष्कळ झालें. बुडालेला माणूस किंवा लहान मूल असेल तेव्हां मात्र श्वासांचें महत्त्व विशेष. दाबणारा दोन मिनिटांत थकतो, म्हणून माणूस बदलावा. विमानतळांवर व कांहीं मोठ्या कचेऱ्यांत ए.ई.डी. नांवाचें यंत्र भिंतीवर ठेवलेलें असतें; तें उघडतांच स्वतःच बोलून पुढची कृति सांगतें, आणि जरूर नसल्यास विजेचा धक्का देतही नाहीं.

येथें एक फसगत होते, तिचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. हृदय बंद पडल्यावर पहिलीं कांहीं मिनिटें पुष्कळ रोगी थांबून थांबून, घशांत घरघर करीत, तोंड वासून हवा ओढतात. मराठींत याला ‘आचके देणें’ असा नेमका शब्द आहे. पाहणाऱ्यांपैकीं अर्ध्यांना वाटतें, श्वास चालू आहे. उरलेल्यांना वाटतें, सर्व आटोपलें. दोघेही हात बांधून उभे राहतात. वस्तुतः आचके ही छाती दाबावयास लागण्याची खूण आहे. एखादी बरगडी मोडेल ही भीति पुष्कळांना वाटते. मोडेलही, ती जुळते.

ही कला पुस्तक वाचून येत नाहीं, आणि भाषण ऐकूनही येत नाहीं. सायकल चालविणें जसें पाठ करतां येत नाहीं तशीच ही गोष्ट. यासाठींच छाती दाबण्याचा शोध लागला त्याच सुमारास, १९६० सालीं, नॉर्वेंतील स्टाव्हांगर गांवच्या ऑस्मुंड लेर्डाल या खेळणीं करणाऱ्या कारखानदारानें माणसाएवढी बाहुली तयार केली. तिचें नांव ‘ॲन’. पॅरिसच्या सीन नदींत सांपडलेल्या एका अज्ञात मुलीचा म्हणून प्रसिद्ध असलेला मुखवटा युरोपांतील पुष्कळ घरांच्या भिंतींवर टांगलेला असे. लेर्डालनें बाहुलीला तोच चेहरा दिला. स्वतःच्या लहान मुलाला त्यानें एकदां बुडतां बुडतां पाण्यांतून वर काढलें होतें, तेव्हां हा विषय त्याला केवळ धंद्याचा नव्हता. लोकांना माणसाच्या छातीवर सराव करतां येत नाहीं. बाहुलीच्या छातीवर येतो. तिची स्प्रिंग पहिल्यांदा दाबतांना बहुतेकांना आश्चर्य वाटतें कीं, इतका जोर लागतो! तें आश्चर्य वर्गांत वाटलेलें बरें. शिवाय शिकलेलें हात विसरतात. तीन ते सहा महिन्यांत सफाई कमी होऊं लागते असें वारंवार आढळून आलें आहे. दहा वर्षांपूर्वींचें प्रमाणपत्र चौकट करून लावणाऱ्यानें हें ध्यानीं ठेवावें.

शिकविल्यानें खरोखर फरक पडतो काय, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारीलच. डेन्मार्कचें उदाहरण यास उत्तर देतें. त्या देशानें २००५ पासून शाळांत आणि पुढें वाहन चालविण्याचा परवाना घेणारांस हें शिक्षण सक्तीचें केलें. २००१ सालीं रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांपैकीं सुमारें २१ टक्क्यांना जवळच्या माणसांनीं छाती दाबून मदत केली होती; २०१० सालीं तें प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास गेलें. त्याच काळांत महिनाभर जगलेल्यांचें प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून सुमारें अकरा टक्क्यांवर आलें. याला इतरही कारणें असतील. पण शेजाऱ्याचे हात हें त्यांतील एक खासच.

घरांत मात्र हृदयापेक्षां घास अडकण्याचा प्रसंग अधिक वेळां येतो. ठसका लागला कीं ‘कोणी तरी आठवण काढली’ असें म्हणून टाळूवर थापटण्याची रीत महाराष्ट्रांत घरोघर आहे. ती प्रेमळ आहे, निरुपद्रवी आहे, आणि निरुपयोगीही आहे. जो खोकूं शकतो त्याला खोकूं द्यावें. खोकला हाच त्याचा उत्तम वैद्य. पण ज्याला शब्द फुटत नाहीं, जो गळ्याला हात लावून डोळे विस्फारतो, त्याला पुढें वांकवून दोन खांद्यांच्या मध्यें तळहाताच्या टांचेनें पांच जोरदार रपाटे द्यावे. तेवढ्यानें न सुटल्यास मागें उभें राहून, बेंबीच्या वर मूठ ठेवून, पांच वेळां आंत व वर असा झटका द्यावा. पोटाला झटका देण्याची ही रीत हेन्री हाइमलिख या अमेरिकन शल्यवैद्यानें १९७४ सालीं प्रसिद्ध केली. गरोदर स्त्रीच्या बाबतींत पोटाऐवजीं छातीवर झटका द्यावा. वर्षाच्या आंतील बाळाला पोटावर झटका कधींच देऊं नये. त्याला हातावर पालथें, डोकें खालीं करून पाठीवर रपाटे द्यावे, आणि मग उताणें करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनीं दाबावें. घशांत न दिसणारी वस्तु काढण्यासाठीं आंधळेपणानें बोट घालूं नये. वस्तु आंत ढकलली जाते.

भाजण्याविषयीं सांगावयाचें तें एका शब्दांत सांगतां येईल: पाणी. नळाचें वाहतें, साधें गार पाणी, तेंही पूर्ण वीस मिनिटें. बर्फ नव्हे. सूज येण्यापूर्वीं बांगड्या, अंगठ्या, जोडवीं काढावीं. फोड फोडूं नयेत. स्वच्छ कापडानें सैल झांकावें. शाई, पेस्ट, तूप, हळद यांनीं आग थांबत नाहीं, आणि पुढें डॉक्टरला तें सर्व खरवडून काढावें लागतें. पदराला आग लागल्यास धांवूं नये, जमिनीवर लोळावें, किंवा जाड घोंगडी गुंडाळावी.

रक्तस्रावाचेंही तसेंच. जखमेंत हळद, चहाची पूड वा चुना भरण्याऐवजीं स्वच्छ कापडाची घडी ठेवून हातानें घट्ट दाबावें, आणि दहा मिनिटें तरी ‘थांबलें का?’ म्हणून उचलून पाहूं नये. रुतलेली कांच किंवा सळई उपटूं नये. तिच्या कडेनें दाबावें. हातापायांतून रक्त उसळत असेल आणि दाबून आवरत नसेल, तर जखमेच्या वर रुंद पट्टा आवळणें आतां पुन्हां मान्य झालें आहे. मात्र आवळल्याची वेळ लिहून ठेवावी. भोसरी-चाकणपासून सातपूर-अंबडपर्यंत जेथें पत्रा कापण्याचें काम चालतें, तेथें बोट तुटण्याचे अपघात अनोळखी नाहींत. तुटलेलें बोट शोधून, स्वच्छ ओलसर कापडांत गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवींत बंद करावें, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यांत ठेवून कामगाराबरोबर रुग्णालयांत न्यावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास तें गोठून वायां जातें. ही चार ओळींची माहिती यंत्राशेजारीं मराठींत व हिंदींत लावली असतां एखाद्याची पकड आणि पोट दोन्ही वांचतील.

मदतीला धांवणाऱ्यानेंच बळी होऊं नये, हा नियम उतावळ्या माणसांना सर्वांत अवघड जातो. सेप्टिक टँकमध्यें किंवा जुन्या विहिरींत एक मनुष्य बेशुद्ध पडतो, त्याला काढावयास त्याचा भाऊ उतरतो, भावाला काढावयास शेजारी. विषारी वायूला धैर्य दिसत नाहीं. तेथें उतरावयाचें तें श्वसनयंत्र व कमरेला दोर बांधलेल्या अग्निशामक दलाच्या माणसानेंच. विजेचा धक्का बसलेल्याला शिवण्यापूर्वीं मेन स्विच बंद करावा.

सर्पदंशाच्या बाबतींत जुन्या उपायांनीं जितकें नुकसान केलें तितकें थोड्याच गोष्टींनीं केलें असेल. दंश कापणें, चोखणें, दोरीनें करकचून आवळणें, सर्व वर्ज्य. हात किंवा पाय मोडल्याप्रमाणें फळीस बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालवूं नये, आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयांत न्यावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारींवर एकच मिश्र प्रतिविष चालतें, म्हणून साप मारून बरोबर नेण्याचा खटाटोप नको. विंचवाची गोष्ट कोंकणांत अधिक गंभीर. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनीं लाल विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि पूर्वीं दगावणारीं पुष्कळ मुलें त्यामुळें वांचूं लागलीं. परंतु तें औषध द्यावयाचें डॉक्टरनें. घरच्यांचें काम एवढेंच कीं, उतारा टाकण्यांत रात्र घालवूं नये.

फेपरें आलेल्याच्या हातांत किल्ली व नाकाशीं जोडा देण्याची चाल अजून पुरती गेलेली नाहीं. भोंवतालच्या टोंकदार वस्तु दूर कराव्या, डोक्याखालीं मऊ कांहीं ठेवावें, दांतांत कांहीं घालूं नये, आणि झटके थांबतांच कुशीवर वळवावें. पांच मिनिटांहून अधिक चालल्यास रुग्णालय.

कायद्यानें या विषयाची उपेक्षा केली असें म्हणतां येणार नाहीं. १९४८ सालच्या कारखाने कायद्याच्या ४५ व्या कलमानें दर दीडशें कामगारांमागें किमान एक प्रथमोपचाराची पेटी ठेवावयास सांगितली होती. ती ज्याच्या ताब्यांत असेल त्याच्याजवळ प्रथमोपचाराचें मान्य प्रमाणपत्र हवें, तो कामाच्या सर्व वेळांत हाताशीं हवा, आणि पेटींत ठरविलेल्या वस्तूंखेरीज दुसरें कांहीं नसावें, असेंही त्यांत होतें. हें शेवटलें वाक्य लिहिणाऱ्यास पेट्यांचा चांगलाच अनुभव असावा. कचेऱ्यांतील किती तरी पेट्यांत चहाच्या पावत्या, सुटे पैसे आणि मुदत उलटलेलें मलम यांचा संसार सुखानें चाललेला असतो. आणि किल्ली असते ती रजेवर गेलेल्या साहेबांच्या खिशांत.

रस्त्यावरील अपघातांत माणूस थबकतो तो अज्ञानापेक्षां पोलीस-चौकशीच्या भयानें. तें भय पूर्वीं निराधार नव्हतें. १९८९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, जखमीवर तातडीचे उपचार करणें हें प्रत्येक डॉक्टरचें कर्तव्य असून कायद्याचे सोपस्कार त्याच्या आड येऊं शकत नाहींत. मदत करणाऱ्या सामान्य नागरिकास संरक्षण देणाऱ्या नियमांस त्याच न्यायालयानें मार्च २०१६ मध्यें बंधनकारक स्वरूप दिलें. आणि २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत १३४-अ हें कलम आलें. सद्भावनेनें मदत करणाऱ्यावर, त्या मदतींत हयगयीनें कांहीं इजा झाली तरी, दिवाणी वा फौजदारी दावा चालत नाहीं, आणि आपलें नांव सांगण्याची सक्तीही त्याजवर करतां येत नाहीं. ही गोष्ट घरांतील तरुणांना छाती दाबण्याइतकीच शिकविली पाहिजे.

मोठ्या आपत्तींत तर शेजाऱ्यावांचून दुसरा कोणी नसतोच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत दगडमातीचीं घरें निजलेल्या माणसांवर कोसळलीं, तेव्हां पहिले ढिगारे उपसले ते गांवकऱ्यांच्याच हातांनीं. अशा वेळीं मोडलेल्या पाठीच्या माणसाला हातापायांना धरून उचलावयाचें नसतें, मान व पाठ एका रेषेंत ठेवून फळीवर किंवा दारावर घ्यावयाचें असतें, एवढें जरी चार जणांना ठाऊक असलें तरी कांहींचें पुढचें आयुष्य अंथरुणाबाहेर जातें. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स व रेड क्रॉस यांच्या शाखा असे वर्ग चालवितात. वर्गाला कुटुंबांतील कर्त्या पुरुषानेंच जावें असें नाहीं. दिवसभर घरीं आजी-आजोबा व मुलें यांच्याजवळ जी व्यक्ति असते तिचा हक्क पहिला. गृहनिर्माण संस्थेच्या रखवालदाराचा दुसरा.

शेवटीं रुग्णवाहिका येते. तोंपर्यंत एकानें फाटकापाशीं उभें राहून वाट दाखवावी, दुसऱ्यानें लिफ्ट खालींच धरून ठेवावी. डॉक्टरला सांगावयाचें तें थोडक्यांत असावें: काय झालें, किती वाजतां झालें, रोगी केव्हां शुद्धींत होता, काय केलें व काय दिलें, नेहमीचीं औषधें कोणतीं. तीं औषधें नांवानें आठवत नसल्यास डबाच बरोबर द्यावा. मग प्रथमोपचार करणाऱ्यानें बाजूस व्हावें, आणि हात साबणानें स्वच्छ धुवावे.